पुलाचं पाणी आणि कासिल्दाचं नाक

कासिल्दाचं नाक दिसायला वाईट नव्हतं. सरळ, टोकाशी जरा उचललेलं, तिच्या माहेरच्या, नदीपलीकडच्या टेकडीवरल्या सामारामालाच्या बायकांचं असतं तसं. पण एकदा मुरडलं की मुरडलं, मग समोर बिशप का उभे असेनात. आणि लग्न होऊन बाईसाहेब सेगोव्हियात आल्या त्या नेमक्या अशा घरात, जिथे नाक मुरडायची सोयच नव्हती.

घर सासऱ्यांचं, डॉन मेलितोन या लोकरीच्या व्यापाऱ्याचं, गावाला पाणी आणणाऱ्या जुन्या पुलाला अगदी खेटून. खिडकी उघडली की समोर कमान, त्या कमानीतून पलीकडची गल्ली, आणि मान मोडेस्तोवर वर पाहिलं तरी दगडच दगड. चुना नाही, माती नाही, रोमन लोकांनी नुसते एकावर एक ठेवून दिलेले. माद्रिदहून चित्रकार यायचे, टोपी मागे सारून उभे राहायचे आणि अहाहा म्हणायचे. वरून कबुतरं त्यांच्या कागदावर काय टाकायची ते टाकायची. ते पुसून परत अहाहा.

पुलावरून पाणी येतं त्यात गावाला काही नवल नव्हतं. डोंगरातून चरातून यायचं, मग पुलाच्या माथ्यावरून, मग जमिनीखालून गावभर. सगळी आळी चौकातल्या हौदावर घागरी घेऊन भांडत उभी असायची. पण ते पाणी घरात येणं म्हणजे निराळी गोष्ट. तो मान राजाच्या हुकुमाने मिळायचा. मठांना मिळाला, सरदारांना मिळाला, आणि डॉन मेलितोनच्या पणजोबांना मिळाला, कारण त्यांनी कुठल्याशा लढाईत घोडदळाला कांबळी पुरवली होती. तेव्हापासून त्यांच्या मागच्या खोलीत शिशाची नळी आली, नळीखाली पुरुषभर उंचीचा दगडी हौद, हौदावर ओकच्या फळ्यांचं झाकण आणि झाकणाला कुलूप. हौदाच्या पोटातून एक पितळी तोटी पलीकडे स्वयंपाकघरात निघायची. तिला सासूबाई, म्हणजे डोन्या लेओकादिया, रोज राखेने घासायच्या. तोटी अशी लखलखायची की तिच्यात तोंड बघून वेणी घालावी.

झाकण मात्र कोणी उघडायचं नाही. पाण्याला वारा लागला की पाणी रुसतं, असं डॉन मेलितोनचे वडील म्हणायचे. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि ती खुळखुळली की नवरासुद्धा बसल्याजागी सावरून बसायचा.

या घरात पाहुणा आला की आधी वाईन नाही, सूप नाही. आधी चांदीच्या पेल्यात पुलाचं पाणी. आणि पेला रिकामा होईपर्यंत सासूबाई पाहुण्याच्या गळ्याकडे बघत उभ्या. घोट खाली गेला की नाही ते त्यांना गळ्यावर दिसायचं.

कासिल्दा नवी नवरी म्हणून उंबरा ओलांडून आली तेव्हाही तेच. सगळं गोत गोळा झालेलं, काळे कपडे घालून, मयताला आल्यासारखं. सासूबाईंनी पेला तिच्या हातात दिला. कासिल्दाने आत पाहिलं. पाण्यात केसाएवढी एक हिरवी तार होती, आणि ती तार आपल्या आपण वळत होती. वास असा की ओली गोधडी आठवडाभर पेटीत ठेवावी आणि मग तोंडावर घ्यावी.

"पी गं," सासूबाई म्हणाल्या, "लाजू नको. तुमच्या टेकडीवर असलं पाणी कुठलं मिळायला."

"नाही मिळत," कासिल्दा म्हणाली. तेवढं तरी ती खरं बोलली.

तिने घोट घेतला, गालात धरला, मान खाली घालून हसली, आणि सगळ्यांची पाठ फिरली तशी खिडकीतल्या कुंडीत सोडून दिला. पुढे वर्षभर तिचा हाच उद्योग. कुंडीतलं जिरेनियम असं फोफावलं की सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "बघा, झाडालासुद्धा कळतं आमचं पाणी."

आता तुम्ही म्हणाल, सगळं गाव तेच पाणी पितं, हिलाच एवढी किळस का. अहो, गावाने तो चर पाहिलाय कुठे? कासिल्दाने पाहिला होता. लहानपणी उन्हाळ्यात बापाबरोबर मेंढ्या घेऊन ती डोंगराकडे जायची, तेव्हा त्या चराच्या काठाकाठाने वाट. चर उघडा. मेंढी पाणी प्यायला गेली की तोंड बुडवून थांबत नाही, चारही पाय घेऊन आत उतरते, आणि थंड पाण्यात पोट बुडालं की तिचं जे व्हायचं ते तिथेच होतं. खेचरांचंही तेच. धोबिणी बाळंतिणीचे कपडे तिथेच खंगाळायच्या. एकदा एक कुत्रं तरंगत निघालेलं तिने पाहिलं, टम्म फुगलेलं, चारही पाय वर, सेगोव्हियाच्या दिशेने निवांत चाललेलं. वाऱ्यावर तिला वास आला तो अजून नाकात होता. आणि याच पाण्यात सासूबाई हरभरे भिजवायच्या, लसणाचं सूप करायच्या, आणि वर म्हणायच्या, "चव कशाची आहे ओळख."

कासिल्दाला चव ओळखू यायची, म्हणूनच तर घास खाली जायचा नाही.

सैतानाने एका रात्रीत पूल बांधला, पाणी भरणाऱ्या पोरीच्या आत्म्याच्या बदल्यात, ही गोष्ट आमच्याकडे दुधाबरोबर पाजतात. कासिल्दा नवऱ्याला म्हणायची, "त्या पोरीला आत्मा विकायचाच होता, तर निदान स्वच्छ पाणी तरी मागून घ्यायचं होतं."

नवरा बाउदिल्यो. माणूस लोण्यासारखा. उन्हात ठेवला की वितळायचा, आईसमोर ठेवला की लगेच वितळायचा. कासिल्दा कपडे धुवायच्या निमित्ताने खाली नदीकडे जायची आणि फुएन्सिस्लाच्या कड्यातल्या झऱ्याच्या पाण्याची सुरई धुण्याच्या बोचक्यात लपवून वर आणायची. ते गुपचूप बाउदिल्योही प्यायचा, आणि जेवायला बसलं की आईचा पेला उंचावून म्हणायचा, "वा."

"तुझी जीभ सैल आहे की कणा," कासिल्दा त्याला विचारायची.

"दोन्ही," तो म्हणायचा, आणि खोटं बोलायचा नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. बायका याहून वाईट गिळून जन्म काढतात. पण कासिल्दाला मुलगा झाला, फ्रुतोस. गोल, टकला, दुधाच्या वासाचा. आणि हिवाळा सरत आला तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं की सांता आगेदाच्या सणानंतर जो रविवार येतो त्या दिवशी बाळाला पहिलं पाणी पाजायचं. घराण्याची रीत. गोत बोलवायचं, चांदीचा पेला, पुलाचं पाणी, आणि कुळातल्या वडिलधाऱ्या बाईने आपल्या हाताने पाजायचं.

कासिल्दाचं स्वतःचं एक ठीक होतं, गालात धरून कुंडीत सोडता येतं. पण ते पोर? त्याचं पोट अजून दुधाला सरावत होतं. आळीत दर उन्हाळ्यात तान्ही मुलं पोट जाऊन दगावायची आणि लोक म्हणायचे, हवा बदलली. कासिल्दाला वाटायचं, हवा नव्हे हो.

"सासूबाई," ती एकदा धीर करून म्हणाली, "त्याच्यापुरतं उकळून घेतलं तर?"

सासूबाई भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. "उकळून?"

"लहान आहे म्हणून."

"उकळलं की त्यातला पूल मरतो," सासूबाई म्हणाल्या. "मग राहिलं काय, नुसतं पाणी. ते तर तुमच्या खेड्यातही मिळतं. माझा नवरा हे पाणी पिऊन वाढला, माझा मुलगा वाढला."

कासिल्दाने दोघांकडे पाहिलं. डॉन मेलितोन खुर्चीत पोट धरून बसले होते, दुपारनंतर रोज बसायचे. बाउदिल्यो पिवळट चेहऱ्याने भिंतीकडे बघत होता. वाढले होते खरे.

"तू काहीतरी बोल," तिने रात्री नवऱ्याला सांगितलं.

"बोलतो," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

सांता आगेदाचा दिवस उजाडला. त्या दिवशी सामारामालात राज्य बायकांचं. लग्न झालेल्या बाया आपल्यातली एक पाटलीण निवडतात, तिच्या हातात काठी देतात, डोक्यावर बटणांची उंच टोपी घालतात, आणि दिवसभर ती सांगेल ते पुरुषांनी करायचं. भांडी घासायची, पोरं सांभाळायची, नाचायचं. शहरातली बडी मंडळी हौसेने बघायला जातात, आणि पाटलीण त्यांनाही हुकूम सोडते. जो ऐकणार नाही त्याची टोपी संध्याकाळी जाळायच्या पेंढ्याच्या बाहुल्याच्या डोक्यावर जाते, आणि मग वर्षभर त्याला बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. आदल्या साली एका वकिलाने भर चौकात कणीक मळली होती, ओढणी बांधून. लोक अजून त्याला कोर्टात बघितलं की हसायचे.

डॉन मेलितोन दरवर्षी जायचे. सासूबाई जायच्या नाहीत. "मला रोज आहे राज्य," म्हणायच्या, "एका दिवसासाठी कशाला टेकडी चढू."

त्या साली पाटलीण होती कासिल्दाची सख्खी मावशी, ओब्दुल्या. अंगाने पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा. सकाळी ती टोपी बसवून घेत होती तेव्हा कासिल्दा बाळाला कडेवर घेऊन तिच्यापाशी गेली.

"मावशी, रविवारी ह्याला ते पाणी पाजणार आहेत."

"कुठलं?"

"पुलाचं. हौदातलं."

ओब्दुल्याने टोपीवरचा हात काढला. "ज्या चरात तुझे भाऊ..."

"तोच."

"तू सांगितलंस सासरी?"

"काय सांगू? की माझे दोघे भाऊ काठावर उभे राहून धार सोडायचे आणि म्हणायचे, ही बिशपना, ही डॉन मेलितोनना?"

ओब्दुल्या इतकी हसली की टोपी पुन्हा बसवावी लागली. मग तिने बाळाच्या टकलावरून हात फिरवला आणि हसू थांबलं. "दळभद्रे कुठले," ती म्हणाली. "घाण पितात ती पितात, वर चांदीच्या पेल्यात. जा, सासऱ्याला पुढच्या रांगेत बसव."

चर्चमधून मिरवणूक बाहेर आली, सनई-ताशे वाजले, नाच झाला. पाटलिणीने एकाला चुलीशी बसवलं, एकाला पाळणा हलवायला. मग काठी डॉन मेलितोनच्या छातीवर टेकवली. त्यांनी टोपी काढून ऐटीत कमरेत वाकून दाखवलं.

"हुकूम करा, पाटलीणबाई. सांगाल ते मान्य."

"आधी शब्द द्या."

"दिला की. सगळ्यांसमोर दिला."

"तुमच्या घरचा हौद उघडायचा. आज, उजेड आहे तोवर. आमच्या डोळ्यांसमोर."

लोक हसले. डॉन मेलितोनही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावर अडकलं. "किल्ली आमच्या हिच्याकडे असते," ते म्हणाले.

"म्हणजे तुमच्याकडे वर्षभर आमचंच राज्य," ओब्दुल्या म्हणाली. "मग तर सोपं आहे. चला गं."

सनईवाल्यासकट सगळ्या बाया टेकडी उतरल्या. लाल घागरे, चांदीची पदकं, मध्ये डॉन मेलितोन मान खाली घालून, पकडून आणलेल्या कोंबडीचोरासारखे. मागे बाउदिल्यो, कासिल्दा, कडेवर फ्रुतोस. नदी ओलांडून, शहर चढून पुलाखाली येईपर्यंत अर्धं गाव मागे लागलं होतं. कमानीखालचा भाजलेले चेस्टनट विकणारासुद्धा शेगडी सोडून आला.

डोन्या लेओकादिया दारातच होत्या. हातात झाडू. नवऱ्याने खालच्या आवाजात काय ते सांगितलं. त्यांनी ओब्दुल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज राज्य बायकांचं ना?"

"बायकांचं," ओब्दुल्या म्हणाली.

"मग मीही बाईच आहे. आणि हे माझं घर. मी सांगते, नाही उघडायचं."

आता आली का पंचाईत. ओब्दुल्याची काठी हवेतच राहिली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या, कारण हे कायद्यात कुठे बसतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुरुषाने नकार दिला तर बाहुला आहे. बाईने दिला तर? डॉन मेलितोनच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला.

कासिल्दा पुढे झाली. नाक मुरडलेलंच होतं. ते लपवायचंही तिने आता सोडून दिलं.

"सासूबाई, तुम्ही म्हणता तेच खरं. तुमचं घर, तुमचं पाणी. मग तुम्हीच उघडा. बाकी कोणी हात लावणार नाही. आत स्वच्छ असेल तर मी आत्ता, ह्या सगळ्यांसमोर, पेलाभर पिते. कुंडीत नाही ओतणार. आणि रविवारी मी स्वतः ह्याचं तोंड उघडून धरते."

"कुंडीत?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

सासूबाईंनी खिडकीतल्या जिरेनियमकडे पाहिलं. त्यांच्या गालावर एक लाल ठिपका उमटला, मग दुसऱ्या गालावर. झाडू भिंतीला टेकवून त्या आत वळल्या. "या," म्हणाल्या. "या सगळ्या. बघा आणि मग टेकडीवर जाऊन सांगा."

मागच्या खोलीत मावल्या तेवढ्या बाया मावल्या. सासूबाई स्टुलावर चढल्या. कुलूप फिरेना, तेल घालावं लागलं. फळ्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या. बाउदिल्योने पहार आणून पहिली फळी उचकटली. फळीच्या खालच्या बाजूला बोटभर जाडीचं काहीतरी चिकटून आलं, पांढुरकं, लोंबणारं, आणि त्यात गोगलगायी.

मग वास आला. आला म्हणजे काय, उठून उभा राहिला. सनईवाला दारातूनच मागे फिरला.

वर एक साय होती. दुधाची असते तशी, पण हिरवी-काळी, आणि मधून मधून फुगे धरून हळूच फुटणारी. त्या सायीत एक उंदीर कुशीवर पडला होता, केस गळून गुळगुळीत झालेला, पोट पिशवीसारखं. कोपऱ्यात पिसं. आधी वाटलं नुसती पिसं आहेत, मग कोणीतरी म्हणालं, पायही आहेत. नळीच्या तोंडाशी मुळांसारखं काहीतरी जटा धरून लोंबत होतं आणि त्या जटांतून थेंब थेंब पाणी गळत होतं, राजाच्या हुकुमाने. बाउदिल्योने पहारीचं टोक जरा आत घातलं, तसा तळाचा गाळ उठला, आणि त्याबरोबर दोन-चार लाल लांब किडे वर येऊन वळवळून पुन्हा खाली गेले.

डॉन मेलितोननी भिंत धरली आणि सणाच्या नव्या कोटावर, बुटांवर, फरशीवर, जन्मभर जे प्याले होते त्यातलं जमेल तेवढं परत दिलं.

सासूबाई मात्र स्टुलावरून हलल्या नाहीत. बघत राहिल्या. एवढी तोटी घासली, एवढे पेले भरले, बिशपांना पाजलं, गरोदर मुलींना पाजलं. ओब्दुल्या आता काठी पाठीमागे धरून उभी होती.

"पेला द्या," सासूबाई म्हणाल्या.

कोणी हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच फडताळातून पेला घेतला. पुन्हा स्टुलावर चढल्या, हाताच्या कडेने साय बाजूला सारली, पेला बुडवला. पाणी चहासारखं तपकिरी होतं.

"सासूबाई, पुरे," कासिल्दा म्हणाली. "उतरा खाली. मी काही नाही म्हणत."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्या बायांकडे तोंड करून त्यांनी पेला तोंडाला लावला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. घोट खाली जाताना दिसत होते, एकेक, जड. एकदा गळा वर उचलला, परत यायला निघालेलं त्यांनी दात आवळून मागे लोटलं. पेला रिकामा झाला. त्यांनी तो उलटा करून दाखवला. एक काळा तुकडा खालच्या ओठाला चिकटला होता, तो पदराने टिपला.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

कासिल्दाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. तिने बाळाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. सासूबाई स्टुलावरून उतरल्या, बाळापाशी आल्या, हात पुढे केला आणि मध्येच थांबवून स्वतःच्या पोटाला पुसला.

"ह्याला नको," म्हणाल्या.

एवढंच. मग झाडू घेतला आणि सगळ्यांना दाराबाहेर घातलं. पाटलिणीला आधी.

सासूबाईंना काही झालं नाही, हे सांगायला हवं. डॉन मेलितोन मात्र नुसतं बघून आठवडाभर अंथरुणाला खिळले. बाउदिल्यो आणि दोन गडी हौदातला गाळ टोपल्यांनी काढून नदीकडे नेत होते, आणि टोपली कमानीखालून गेली की आळीतल्या बायका नाकाला पदर लावून आवर्जून बघायला यायच्या. बघून घरी जायच्या आणि चौकातल्या हौदावर तीच घागर लावायच्या. त्या हौदात दुसरीकडून पाणी येतं असं त्यांना कोण जाणे कोणी सांगितलं होतं.

रविवारी गोत जमलं, काळ्या कपड्यांत. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, पाहुण्यांकडे पाठ केली आणि कासिल्दाने झऱ्यावरून आणलेलं पाणी चमच्याने पाजलं. फ्रुतोसने ते चाटलं, खोकला, हसला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वाकून कोणी पाहिलं नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "कासिल्दा, मंडळींना दे."

"कुठलं देऊ?"

"घरचं. दुसरं कुठलं देतात आपल्याकडे?"

हौद धुतला होता, झाकण नवं होतं. चर तोच होता, मेंढ्या त्याच. कासिल्दाने तोटी फिरवली, पेले भरले, एक तांब्याही भरला, तबक घेऊन आली. सगळ्या गावाने त्या हौदातला उंदीर ऐकला होता, काहींनी तर डोळ्यांनी पाहिला होता. पण ह्या घरचा पेला नाकारायचा म्हणजे ह्या घराशी संबंध तोडायचा, आणि लोकरीचा भाव डॉन मेलितोन ठरवायचे. एकेकाने उचलला, एकेकाने रिकामा केला. सासूबाई गळ्यांकडे बघत उभ्या होत्या. बाउदिल्योच्या काकांनी मिशा पुसल्या, ओठ चाटले आणि पेला पुढे केला.

"आणखी थोडं," म्हणाले. "ह्याची सर कशाला नाही."

कासिल्दाने छताकडे बघत ओतलं.